टाचणीबाईंचे हात

आमच्या नाटक कंपनीत मी राजा होतो आणि ती टाचणी होती. राजे आले नि गेले, टाचणी मात्र पहिल्या प्रयोगापासून शेवटच्या प्रयोगापर्यंत तीच. कपडेपट तिच्या ताब्यात. आमचे झगे, कोट, मुकुट, खोट्या मोत्यांच्या माळा, सगळ्याची मालकीण ती. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे ती दातांच्या फटीतून बोलायची आणि नाकातून हसायची. "महाराज, पोट आत घ्या," हे वाक्य मी तिच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की तितक्यांदा टाळ्याही ऐकल्या नसतील. तिचं खरं नाव कंपनीच्या मालकालाही आठवत नसे. सगळे तिला टाचणीबाई म्हणत.

तिचा नवरा आमचा दिवेवाला. त्याला आम्ही फोकसराव म्हणायचो. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांवर उजेड टाकला आणि स्वतः अंधारात बसून बिड्या ओढल्या. बोलणं कमी, लाजरा. मला एकदा तो म्हणाला होता, "महाराज, ही विंगेत उभी असते ना, तेव्हा मी एक दिवा मुद्दाम जरा तिरका लावतो. तिला सुई ओवायला दिसावं म्हणून." मी त्या दिवशी स्वगतात चुकलो.

कंपनी बंद पडली. थिएटरात आता टायरांचं गोदाम आहे. आम्ही म्हातारे त्याच गल्लीत राहिलो. आमच्या इमारतीत लोखंडी जिना आहे आणि पाऊल टाकलं की तो अख्खा वाजतो, त्यामुळे कोण आलं ते दार उघडण्याआधीच कळतं. ती दोघं दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्यावर. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला. सूनबाई दातांच्या दवाखान्यात कामाला, आणि समोरच्या इमारतीत आपल्या लेकीला घेऊन राहायची. लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती उभी राहूच शकत नसे, गरगर फिरायची.

भिंगरीला तीळ चालत नव्हते.

हे वाक्य ऐकायला किती साधं वाटतं. मलाही वाटलं होतं. "नाही चालत तर नका देऊ," मी म्हणालो. मग एक दिवस बेकरीतल्या पावाचा एक तुकडा तिच्या तोंडात गेला. पावावर तीळ दिसत नव्हते, पण ज्या पाटावर तो कापला त्या पाटावर होते. मी जिन्यात होतो. सूनबाई पोरीला छातीशी धरून उतरत होती. पोरीचे ओठ सुजून उलटे झाले होते आणि त्यांचा रंग जांभळा पडत चालला होता. पोर आवाज करत नव्हती, तेच फार भयंकर होतं. इतकी वर्षं मी रंगमंचावर मेलो, तलवारीने मेलो, विषाने मेलो, टाळ्या घेत मेलो. मरण कसं दिसतं हे मला त्या जिन्यात कळलं.

पोर वाचली. डॉक्टरांनी मांडीत टोचायचं इंजेक्शन दिलं, पेनासारखं दिसणारं. ते सदैव जवळ ठेवायला सांगितलं. आणि जाता जाता म्हणाले, "पुढच्या वेळी इतका वेळ मिळेलच असं नाही."

हे वाक्य टाचणीच्या डोक्यात शिरलं ते निघालंच नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघर रिकामं केलं.

पोरीला जेवणाबरोबर काहीतरी लावून खायला लागायचं. सॉस हवा, त्याशिवाय घास उतरायचा नाही. दुकानातल्या प्रत्येक बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, यात तिळाचा अंश असू शकतो. "असू शकतो म्हणजे काय हो?" टाचणी मला विचारायची. "मी कधी म्हटलं का, महाराज, या विजारीत सुई असू शकते?"

मग तिने स्वतःच करायला घेतलं. टोमॅटोचा सॉस तर झालाच. भिंगरीला अंडंही सोसत नव्हतं, म्हणून छोले उकडून त्याचं घट्ट पाणी ती सूर्यफुलाच्या तेलाबरोबर घुसळायची. त्याचं पांढरंशुभ्र मेयोनीज व्हायचं, आणि चमचा उलटा धरला तरी पडायचं नाही. मोहरी नको म्हणून मुळा किसून, हळद आणि व्हिनेगर घालून पिवळा झणझणीत सॉस. मश्रूम आणि बीट आटवून काळा सॉस. सूर्यफुलाच्या बिया भाजून वाटून एक दाट लगदा करायची, तो पावाला फासला की कुणाला कळलं नसतं की तो शेंगदाण्याच्या लोण्याच्या जागी आलाय.

"सगळं खोटं आहे," मी चाखून म्हणालो.

"मग? तुमचा मुकुट काय सोन्याचा होता?" ती म्हणाली. "शेवटच्या रांगेतून खरा वाटला की झालं."

हळूहळू आसपासच्या घरांत बातमी गेली. कुणाच्या पोराला शेंगदाणे नकोत, कुणाला दूध नको, कुणाला सोया. टाचणी सगळ्यांना बरण्या द्यायला लागली. बरण्यांच्या गळ्याला ती रंगीत दोरे बांधायची, ज्याचा त्याला रंग, कपडेपटात नटांच्या हँगरला बांधायची तसेच. भिंगरीचा लाल. तिच्या स्वयंपाकघरात तीळ, शेंगदाणे, काजू, बदाम, मोहरी, अंडं यांतलं काहीही शिरत नसे. मला दारातच अडवायची. "काय खाऊन आलात?" मी सांगायचो. "हात धुवा. तोंडही धुवा. मिशीही." राजाची मिशी धुवायला लावणारी ती एकटीच.

आणि रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट व्हायची.

टाचणीची बोटं वाकली होती. जन्मभर सुई धरली, कात्री चालवली, त्याची शिक्षा. उजव्या हाताची करंगळी तर मधल्या सांध्यातून आत वळलेली, कुणीतरी घडी घालून विसरल्यासारखी. थंडीत मूठ उघडायची नाही. मग फोकसराव पलंगाच्या खालून त्याची तपकिरी बाटली काढायचा, एका बशीत सांध्यांचं तेल ओतायचा, बशी गरम पाण्यावर धरायचा, आणि बायकोचा एकेक हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळत बसायचा. कापराचा आणि निलगिरीचा वास जिन्यापर्यंत यायचा. तो वास आला की मला कळायचं, दुसऱ्या मजल्यावर पडदा उघडला. तेल तो थिएटरच्या मागच्या दुकानातून आणायचा. आम्ही सगळे तिथूनच न्यायचो, रंग उतरवायला. दुकानदाराने कधी बाटलीवर कागद चिकटवला नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

चोळून झालं की बोटं सुटी व्हायची. मग ती मनगटापर्यंत साबणाने हात धुवायची, आणि मनगटांवर पट्टे चढवायची. कोटांच्या जुन्या अस्तरातून शिवलेले, इलॅस्टिक लावलेले. ते आवळून बसले की मनगटात जोर यायचा आणि बरण्यांची झाकणं घट्ट लागायची. "झाकण सैल राहिलं की नाटक संपलं," असं ती म्हणायची.

एका दुपारी सूनबाई वर आली. जिना फार जोरात वाजला. मी माझ्या दारातून खाली पाहिलं.

"आई, तुम्ही नव्या बरणीत काही वेगळं घातलंत का?"

"काय वेगळं?"

"तिच्या ओठांभोवती पुरळ उठलं. जेवणानंतर. लगेच."

"शाळेत काही लागलं असेल."

"आज शाळा नव्हती, आई."

टाचणीने बरणी घेतली, उजेडात धरली, झाकण उघडून वास घेतला. मग सगळी बरणी मोरीत ओतली.

त्या आठवड्यात तिने लाकडी पाट जाळला. चाळण्या टाकल्या, कलथे टाकले, मिक्सरचं भांडं नवं घेतलं. बरण्या इतक्या उकळल्या की स्वयंपाकघराच्या भिंतींना घाम सुटला. भाजीवाल्याला गाठून तिने त्याच्या टोपल्यांत आधी काय होतं ते विचारलं. तो बिचारा गोंधळला. "बाई, टोमॅटोच्या टोपलीत टोमॅटोच असतात!" बियांवाल्याला पोतं बदलायला लावलं. मग नवा सॉस केला, थेंब थेंब निवडल्यासारखा, आणि लाल दोरा बांधून पाठवला.

या वेळी पुरळावर भागलं नाही. पोरीचा आवाज बसला. मग ओकारी. मग तो श्वास, शिट्टीसारखा. सूनबाईने मांडीत इंजेक्शन टोचलं आणि रिक्षा पकडली. मी आणि फोकसराव मागून पळालो, दोघंही धापा टाकत, रस्त्यातली माणसं आमच्याकडे बघत होती. टाचणी आली नाही. ती खिडकीत उभी राहिली. मी वळून पाहिलं तेव्हा तिने दोन्ही मुठींनी खिडकीचे गज धरले होते.

पोर परत आली, पण डॉक्टरांनी सूनबाईला बाहेर बोलावून जे सांगितलं ते तिने आम्हाला सांगितलं नाही. फक्त घरी आल्यावर ती सासूसमोर उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, यापुढे तुमच्याकडचं काही नको. पाणीसुद्धा नको."

"माझ्या घरात तीळ नाही, बाई. एक दाणा नाही."

"मला माहिती आहे. म्हणूनच नको." ती दारात थांबली. "असता तर सापडला असता."

हे खरं होतं, आणि त्यानेच त्या घरातली हवा बदलली. कुठून येतंय ते कळत नाही, पण येतंय. टाचणी सगळ्यांवर संशय घ्यायला लागली. मी वर जाताना तिच्या दारावरून गेलो तरी ती दार ओढून घ्यायची. एकदा माझ्या कोटाच्या खिशात हात घालून तिने उलटा केला. त्यातून एक जुनी बटणाची पुडी पडली. "माफ करा, महाराज," ती म्हणाली, पण खिशाची शिवण बोटाने चाचपल्याशिवाय तिने तो सोडला नाही. फोकसराव बाहेरून आला की त्याला कपडे बदलायला लागायचे. तो शेंगदाणे खातो का, कुणाकडे चहा पितो का, कुणाशी हात मिळवतो का, सगळं विचारायची.

"अगं, मी कशाला माझ्या नातीला..."

"मुद्दाम म्हणते का मी? कुठून तरी येतंय ना! हवेतून येतंय का?"

फोकसरावला एकच गोष्ट करता येत होती, ती तो करायचा. बाटली काढायचा आणि तिचे हात मांडीवर घ्यायचा. स्वयंपाकघर बंद होतं, काम नव्हतं, म्हणून आता तो दिवसातून कितीतरी वेळा चोळायचा. ती डोळे मिटून बसायची. तेवढ्यापुरतं तिचं कपाळ सैल व्हायचं. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, चला, एवढं तरी सुख आहे या घरात.

सूनबाई पोरीला पूर्ण तोडणारी नव्हती. रविवारी दुपारी ती भिंगरीला घेऊन यायची, थोडा वेळ. पोरीचं खाणं तिच्या पिशवीत, पाणी तिच्या बाटलीत, पेन तिच्या हातात. पोरीने कशाला तोंड लावायचं नाही असा नियम.

त्या रविवारी मीही खाली होतो. बाहेर धुकं होतं, गल्लीतला दिवा भर दुपारी लावलेला होता. फोकसरावने नुकतीच बशी बाजूला ठेवली होती. सूनबाईचा फोन वाजला, जहाजावरून. आवाज नीट येईना म्हणून ती गॅलरीत गेली. भिंगरी दोन गिरक्या घेऊन आजीपाशी आली.

"आजी, तू रुसलीयस?"

"नाही गं."

"मग लाड कर."

टाचणीने हात पुढे केला. पोरीने आपला गाल त्या तळहातावर टेकवला, उशीवर टेकवावा तसा, आणि डोळे मिटले. टाचणी तशीच बसून राहिली. हात हलवला की पोर उठेल म्हणून ती श्वासही जपून घेत होती. मी खिडकीकडे बघायला लागलो. आपलं नसलेलं सुख फार वेळ बघू नये.

सूनबाई आत आली. बोलत बोलतच आली आणि मध्येच थांबली. फोनमधून तिच्या नवऱ्याचा आवाज येतच होता.

"आई!"

टाचणीने हात काढला.

"आई, तुम्ही मारलंत हिला?"

भिंगरीच्या गालावर पाच बोटं उमटली होती. लाल, फुगलेली, काठ पांढरे. चार बोटं कानाकडे गेलेली आणि अंगठा ओठांच्या कोपऱ्याशी. कुणीतरी सगळा जोर लावून थोबाडीत मारावी असं ते दिसत होतं.

"मारलंत तुम्ही तिला? एवढ्याशा पोरीला?"

"आई, आजीने नाही मारलं," भिंगरी म्हणाली आणि गाल खाजवायला लागली. "खूप खाजतंय."

"महाराज, तुम्ही इथे होतात ना? बोला की!"

मी त्या गालाकडे बघत होतो. सगळ्यात खालच्या बोटाचा ठसा सरळ नव्हता. तो मधल्या सांध्यातून आत वळला होता.

टाचणीने आपली करंगळी वर धरली आणि गालाकडे पाहिलं. मग करंगळीकडे. मग पुन्हा गालाकडे. कपडेपटात ती दोन कापडांचा रंग असाच जुळवायची.

"तिने काही खाल्लंय?" तिने विचारलं. आवाज अगदी सपाट.

"काहीही नाही."

"पाणी?"

"नाही! आई, काय चाललंय तुमचं?"

"मग माझ्या हाताला आहे," टाचणी म्हणाली. "पोरीला आधी धुवा. गाल धुवा, साबणाने. माझ्याजवळ आणू नका."

सूनबाई तिला मोरीत घेऊन धावली. पाण्याचा आवाज, पोरीचं रडणं, आणि त्या रडण्याकडे आम्ही तिघं कान लावून उभे, कारण रडणं चालू होतं तोवर श्वास चालू होता. एक डोळा सुजत चालला होता. सूनबाईने औषध पाजलं, पेनाचं टोपण काढून ते मांडीजवळ धरून बसली. टोचावं लागलं नाही. हळूहळू बोटं पुसट झाली. आधी अंगठा गेला, करंगळी सगळ्यात शेवटी.

फोकसराव मधल्या खोलीत उभा होता. त्याच्या हातात बशी होती. बशीच्या तळाशी अजून तेल होतं.

"यात कापूर आहे," तो म्हणाला, "निलगिरी आहे..."

"आणि तेल कसलं?" मी विचारलं.

"तेल म्हणजे... तेल."

मीच बाटली घेऊन थिएटरच्या मागच्या दुकानात गेलो. दुकानदाराने वास घेण्याचीही तसदी घेतली नाही. "तिळाचंच, साहेब. सांध्यांना दुसरं कुठलं चालतं? आजोबांपासून तेच देतोय."

वाचकहो, आम्ही नाटकवाले. आमच्या लेखी रंगपेटीतलं तेल वेगळं आणि स्वयंपाकघरातलं तेल वेगळं. कंपनीतला तो पहिला नियम होता, रंगाच्या खोलीतलं खाण्याच्या खोलीत जायचं नाही. टाचणीने तो इतका पाळला की दोन्ही खोल्यांमध्ये आपण स्वतः जा-ये करतो हे तिच्या कधी मनातच आलं नाही. हात ती साबणाने धुवायची, पण मग त्या ओल्या हातांवर मनगटपट्टे चढवायची. ते पट्टे वर्षानुवर्षं तेल पीत होते आणि आता भिजून तेल सोडायला लागले होते. झाकण घट्ट लावताना पट्टा काचेला लागायचा. तिने ते झाकण जितकं जपून लावलं, तितकं ते तेल बरणीच्या काठाला घासत गेलं.

"मीच," फोकसराव म्हणत होता. मी परत आलो तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसला होता आणि पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होता. "मीच गं. रोज. माझ्या हाताने."

"गप्प बसा," टाचणी म्हणाली. "हात माझा आहे."

दुसऱ्या दिवशी ती घरोघर गेली. मी बरोबर पिशव्या उचलायला. प्रत्येक दारात उभी राहून ती एकच सांगायची, माझ्या बरणीत तीळ गेलाय, बरणी परत द्या. एका बाईने द्यायला नकार दिला. "अहो, आमच्या पोराला तीळ चालतात! त्याला शेंगदाणे नकोत फक्त."

"चालू देत. मी तुम्हाला बरणीत तीळ नाही म्हणून सांगितलं होतं."

"पण काही झालं तर नाही ना?"

"बाई," टाचणी म्हणाली, "काही झालं नाही ते नशिबाने, माझ्यामुळे नव्हे. द्या बरणी."

मग घर. बाटली गेली, बशी गेली, पट्टे जाळले. पण टाचणी खोलीच्या मधोमध उभी राहून चारी बाजूंना बघत होती. दाराची कडी. दिव्याचं बटण. खुर्चीचे हात. पलंगाचा दांडा, पडद्याची कड, नळ, मुलाचा लहानपणचा फोटो जो ती रोज पुसायची. ज्याला ज्याला ती प्रेमाने हात लावत आली होती त्या सगळ्यावर ते होतं. घरभर तिची बोटं उमटली होती आणि ती फक्त एकाच ठिकाणी दिसली होती.

"भिंती पण?" फोकसरावने विचारलं.

"मी भिंतीला धरून चालते, अहो."

त्यांनी भिंती धुतल्या. मीही एक भिंत धुतली. गादी गेली, उशा गेल्या. फोकसरावने आपले हात इतके घासले की कातडी निघाली. आणि हे सगळं चालू असताना टाचणीची बोटं मिटत होती. डॉक्टरांनी एक मलम दिलं, वास नसलेलं, पण त्याने काही होईना. सकाळी मूठ उघडेना. मग चहाचा कप दोन्ही मुठींमध्ये धरावा लागला. मग तोही फोकसराव धरू लागला. सुई तर सुटलीच. मी एकदा म्हणालो, दुसरं कुठलं तरी तेल बघू या की, शोधलं तर मिळेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

सॉस मात्र तिने सोडला नाही. स्वयंपाकघरात आता फोकसराव उभा राहतो, ज्याने जन्मात कधी अंडं उकडलं नव्हतं. ती स्टुलावर बसते, हात पदराखाली.

"आच कमी करा. कमी म्हणजे विझवा नव्हे!"

"दिवा हळूहळू उतरवतो तसं, मंद फेड ना?"

"हो, मंद फेड. आता ढवळा. गोल. अहो, गोल! चौकोनी काय ढवळताय?"

पहिली बरणी तयार झाली तेव्हा सूनबाईने डॉक्टरांना विचारलं आणि डॉक्टरांनी सांगितलं तसंच केलं. आधी मनगटावर, मग ओठाला, मग जिभेवर एक थेंब, प्रत्येक वेळी थांबून. पेन टेबलावर, टोपण काढलेलं. आम्ही चौघं म्हातारी-तरुण माणसं त्या पोरीच्या तोंडाकडे बघत बसलो. तिसऱ्या घंटेनंतर पडदा उघडेपर्यंत प्रेक्षागृहात जशी शांतता असते तशी शांतता होती. फरक इतकाच की पडद्याआड काय असू शकतं ते आम्हाला ठाऊक होतं.

काही झालं नाही. भिंगरीने ओठ चाटले. "जास्त गोड झालंय, आजोबा."

सूनबाई हसली आणि हसता हसता रडली. मग उठून सासूसमोर बसली. "आई, त्या दिवशी मी तुम्हाला काय काय बोलले..."

"बरोबर बोललीस," टाचणी म्हणाली. "खूण तर माझ्याच हाताची होती."

भिंगरी दोघींच्या मध्ये घुसली. "आजी, आता लाड कर."

टाचणीने सुनेकडे पाहिलं. सूनबाईने पेन हातात घेतलं आणि मान हलवली. "करा, आई. आहे मी."

पण टाचणीचा हात पुढे येईना. पदराखाली तो मिटलेला होता आणि उघडत नव्हता. उघडत नव्हता की ती उघडत नव्हती, देव जाणे. शेवटी पोरीनेच पदर बाजूला केला, आजीची ती गाठींची मूठ दोन्ही हातांनी बाहेर काढली आणि आपल्या गालावर दाबून धरली.

कुणी हललं नाही. गल्लीत कुणीतरी टायर गडगडत नेला, त्याचा आवाज लांब गेला. भिंगरीने मूठ सोडली. गाल होता तसाच होता.

सूनबाईने पेनाचं टोपण लावलं. फोकसरावने नाक पुसलं आणि चहा ठेवायला उठला. मी काहीतरी फालतू विनोद केला, सगळे हसले, खोलीतली हवा परत खोलीत आली. भिंगरी गिरक्या घ्यायला लागली होती.

टाचणी तेवढी हसली नाही. तिची नजर पोरीच्या गालावर होती, आणि पोर फिरेल तशी ती नजर फिरत होती.

"आजी, किती बघतेस!"

"बघू दे," ती म्हणाली.

सूनबाई म्हणाली, "आई, झालं आता, काही उठायचं असतं तर एव्हाना उठलं असतं." तरी टाचणी बघतच होती. त्या जायला निघाल्या तेव्हा ती जिन्यापर्यंत आली, मग खिडकीत जाऊन उभी राहिली. पोर खाली पोचली, रस्ता ओलांडून समोरच्या दारात शिरली, तरी टाचणी खिडकीतून हटेना. मग तिने फोकसरावला समोरच्या घरी फोन लावायला सांगितला, कारण तिला स्वतःला आकडे दाबता येत नव्हते.

"विचारा," ती म्हणाली, "गाल कसा आहे."

पोर आता शाळेत वरच्या वर्गात गेली आहे. रविवारी येते, आजीची मूठ ओढून गालाला लावते, आजोबांच्या सॉसला नावं ठेवते आणि जाते. आणि ती समोरच्या दारात शिरली की माझ्या पायांखालच्या घरातून अजून तोच आवाज येतो.

"लावलात का फोन? विचारा ना, अहो."